मदत हवी आहे: शॉर्टवेव्हवर नुसती घरघर. रेडिओ बिघडलाय की स्टेशनंच उरली नाहीत?

नमस्कार मंडळी,

बाबांचा जुना काट्याचा ट्रान्झिस्टर बऱ्याच वर्षांनी बाहेर काढला. बाबांना आता दिसत नाही, वाचन सुटलंय, टीव्हीत मन रमत नाही. परवा म्हणाले, "तो रेडिओ लावून दे, लांबची स्टेशनं ऐकू." आधी मोबाइलवर परदेशी स्टेशनं ऐकवून पाहिली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे, पण लांबून आल्यासारखा वाटत नाही." म्हणून मला हाच रेडिओ चालू करायचा आहे.

त्यांच्या वहीत स्टेशनं, मीटर (म्हणजे लहरींची लांबी) आणि वेळा टिपलेल्या आहेत: रेडिओ नेदरलँड्स, रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल, स्विस रेडिओ, रेडिओ ऑस्ट्रेलिया. रविवारी भर दुपारी दोन तास काटा केसाकेसाने सरकवला. 49 मीटरपासून 19 मीटरपर्यंत एकच घरघर. एफएम खणखणीत लागतं. मिडियमवेव्हवर एक स्टेशन येतं, पण त्याच्याही मागे तीच घरघर. रेडिओ अडॅप्टरवर चालवतोय, अँटेना पूर्ण उघडलेली.

दुरुस्तीवाल्यांनी न उघडताच परत दिला, "शॉर्टवेव्ह संपलं" म्हणाले. खरंच संपलं का? रेडिओ धड आहे की नाही, हे घरच्या घरी कसं तपासू?

प्रतिसाद 1

रेडिओला इतक्यात दोष देऊ नका. वहीतली चारही स्टेशनं शॉर्टवेव्हवरून गेली आहेत. स्विस रेडिओ 2004 मध्ये, नेदरलँड्स आणि कॅनडा 2012 मध्ये, ऑस्ट्रेलिया 31 जानेवारी 2017 ला. शीतयुद्ध संपल्यावर सरकारांना दूरच्या श्रोत्यांची गरज वाटेनाशी झाली. शेकडो किलोवॅटच्या प्रक्षेपकांचं वीजबिल तेवढं डोळ्यांवर येऊ लागलं, आणि इंटरनेट आहेच म्हणून एकेक केंद्र बंद पडलं. मला हे अजून पटत नाही. नेटची तार तोडता येते. शॉर्टवेव्हला मधे कुणी लागत नाही. बीबीसीने 2022 मध्ये युक्रेनसाठी रोज चार तास शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू केलं ते त्याचमुळे.

पण संपलेलं नाही. चीन, जपानचं एनएचके, कोरियाचं केबीएस, रुमानिया, तुर्की, व्हिएतनाम अजून आहेत. तुमची वेळ चुकली. दिवसा आयनांबराचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, खालचा थर 49 आणि 41 मीटरच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. दुपारी 19 मीटर बघा, अंधार पडल्यावर 31, 41, 49.

आता घरघर. ती बहुधा तुमच्याच घरातून येते. अडॅप्टर काढा, सेल घाला, मग घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करून ऐका. आवाज पडला तर एकेक वस्तू चालू करत चोर शोधा: एलईडी दिवे, चार्जर, राउटर.

प्रतिसाद 2

वरच्या प्रतिसादात भर. रेडिओ तपासायला 10 मेगाहर्ट्‌झसारखी (तबकडीवर 31 मीटरच्या थोडं पुढे) कसोटी नाही. तिथे प्रमाणवेळेचे संकेत चोवीस तास चालू असतात, अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि चीनचं बीपीएम. सेकंदागणिक टिकटिक ऐकू आली की शॉर्टवेव्हचा भाग जिवंत आहे. 10 वर नसेल तर 5 आणि 15 वर बघा.

आठ-दहा मीटर प्लास्टिक आवरणाची तार खिडकीबाहेर सोडून तिचं टोक अँटेनेला चिमट्याने लावा. विजेच्या तारांपासून दूर ठेवा, पावसाळी गडगडाट झाला की काढा. फार लांब तार नको. छोटा रेडिओ मोठ्या सिग्नलने गुदमरतो आणि एकच स्टेशन चार ठिकाणी ऐकू येतं. वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून जुन्या वहीतल्या वेळा सोडून द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार! मेन स्विच बंद केल्याबरोबर घरघर निम्म्याहून कमी झाली. मुख्य चोर रेडिओचाच अडॅप्टर होता, उरलेला एक एलईडी दिवा. रात्री 10 वर टिकटिक ऐकू आली, बारीक, लाटेसारखी वर-खाली होणारी. 31 मीटरवर तीन स्टेशनं लागली. एका भाषेचा मला पत्ताच लागेना. बाबा कान लावून म्हणाले, "तुर्की असावी." शेवटी स्टेशनचं नाव सांगितलं, तुर्कीच होती.

आता एकच अडचण. मी घरी नसताना त्यांना स्वतःला स्टेशन लावायचं आहे. काटा काचेच्या आत आहे, हाताला लागत नाही. काही सुचतं का?

प्रतिसाद 2

काटा डाव्या टोकाला अडेपर्यंत फिरवायला सांगा आणि तिथून बटणाचे फेरे मोजू द्या. बटणाच्या कडेला जाड चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे प्रत्येक फेरा बोटाला कळेल. आधी टिकटिक किती फेऱ्यांवर येते ते मोजून घ्या. 31 मीटर तिथून थोडं मागे आहे. वहीत नव्या पानावर मीटरऐवजी फेरे लिहा, ते सांगतील तसे.