विषय: महाप्रसादाचा फॉर्म – टिक हटत नाहीये

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या नोंदणी फॉर्मवर 'जेवायला येणार नाही' निवडलं की महाप्रसादाची टिक आपोआप निघायची. जेक्वेरी (पानाच्या स्क्रिप्टसाठीची लायब्ररी) १.८ वरून ३ वर नेली आणि ती टिक ठाण मांडून बसली. कोड तोच आहे, रिमूव्हअ‍ॅटर या जेक्वेरीच्या आज्ञेने चेक्ड (टिकेची खूण) काढतो. त्याच पद्धतीने 'नोंदवा' बटणाचं डिसेबल्ड (बटण बंद ठेवणारी खूण) मात्र व्यवस्थित निघतं! मुंबईकरांपैकी कोणी बघेल का?
– फॉर्मवाली ताई, टोरंटो

---

ताई,
लोकलमधून लिहितोय, दादरला उतरायचंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. जुनी जेक्वेरी चेक्डसारखा हो-नाहीचा अ‍ॅट्रिब्यूट (पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मूळ मजकुरात, लिहिलेली खूण) काढताना त्याच नावाची प्रॉपर्टीही (ब्राउझरने ठेवलेली चालू स्थिती) गुपचूप फॉल्स, म्हणजे 'नाही', करायची. २०१६ मध्ये आलेल्या ३.० पासून ते बंद झालं. बरंच झालं, माझ्या मते.

चेक्ड हा अ‍ॅट्रिब्यूट फक्त पान उघडताना टिक असावी की नाही एवढंच सांगतो. माणसाने एकदा चौकोनावर क्लिक केलं की पुढचा हिशेब ब्राउझर प्रॉपर्टीत ठेवतो, अ‍ॅट्रिब्यूटला कोणी विचारत नाही. डिसेबल्डचं तसं नाही. तिथे अ‍ॅट्रिब्यूट गेला की प्रॉपर्टीही जाते, म्हणून बटण सुटतं. (आणि डिसेबल्डला 'फॉल्स' अशी किंमत देऊन काही होत नाही. नाव नुसतं असलं तरी बटण बंदच.)

तेव्हा टिकेसाठी प्रॉप (प्रॉपर्टी बदलणारी आज्ञा) वापरा: 'चेक्ड', फॉल्स. प्रॉपर्टीच काढून टाकणाऱ्या रिमूव्हप्रॉपच्या वाटेला मात्र जाऊ नका, ते ब्राउझरच्या स्वतःच्या प्रॉपर्टींसाठी नाहीच. पत्त्याच्या रकान्याचे रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) आणि रीडओन्ली (फक्त वाचायचं) एकत्र काढायचे असतील, तर रिमूव्हअ‍ॅटरला दोन्ही नावं मध्ये जागा सोडून देता येतात, १.७ पासून.

---

निघाली रे टिक! पण 'पुन्हा भरा' दाबलं की परत हजर.

---

ते बटण रीसेट प्रकारचं असणार. रीसेट अ‍ॅट्रिब्यूट बघून फॉर्म मूळ स्थितीत नेतो, आणि तुमच्या एचटीएमएलमध्ये चेक्ड लिहिलेलं आहे. ते तिथूनच खोडा, स्क्रिप्टची गरजच नाही. मात्र मग टिक सुरुवातीला नसेल, ज्याला जेवायचंय त्याने स्वतः करायची. स्वयंपाकवाल्यांना आधी विचारून घ्या.