भाषेच्या तासाला बाहुल्या नाचवून पोरं वाचायला लागतात का?

तिसरीच्या बाई
परवा आपल्याच गटावर एकांनी टाकलं होतं : "हल्ली भाषेच्या तासाला चित्रं, बाहुल्या आणि मोबाईल. पोरांना जोडाक्षर येईना आणि बाई रेकॉर्डिंग करत बसल्यात." नाव घेतलेलं नाही. पण रेकॉर्डिंग करणारी बाई मीच, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दोनदा उत्तर लिहून पुसलं. आता लिहितेच.

वर्गात ३१ मुलं. १९ जणांच्या घरी तेलुगू, चौघांच्या घरी कन्नड, बाकीच्यांत उर्दू आणि मराठी. आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा जवळ आली तेव्हा मुलांनीच एक संवाद रचला, यात्रा भरते त्या होम मैदानावर हरवलेल्या पोराचा. एक मुलगा जूनपासून वर्गात 'हजर' सोडून काही बोललेला नव्हता. त्यानं घरून टॉवेलच्या दशा आणल्या, मोज्याच्या हातबाहुलीला त्यांचे केस लावले, कागदाची बाराबंदी, म्हणजे यात्रेतला पांढरा पोशाख, चढवली. बाहुली हातात चढली आणि हा बोलला, "माझा आई कुठं गेला?"

वर्ग फिदीफिदी. मी काही दुरुस्त केलं नाही. मोबाईलवर घेतलेलं होतं, तेच सगळ्यांना ऐकवलं. पुन्हा केलं, पुन्हा ऐकवलं. तिसऱ्या खेपेला शेजारणीची ओळ ऐकून हा आपणहून म्हणाला, "माझी आई कुठं गेली?" तेलुगूत आई आली काय आणि बस आली काय, क्रियापद एकच. त्याचा गोंधळ तिथला होता, तो मठ्ठ नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच संवाद त्यानं वहीत उतरवला. सात ओळी. त्याआधी त्याच्या वहीत फळ्यावरून उतरवलेल्या ओळींशिवाय काही नव्हतं.

आता सांगा, हा वेळ वाया गेला का?

निवृत्त फळा
ते टाकणारा मीच. ३४ वर्षं पहिली-दुसरी शिकवली बाई, मोज्याला केस न लावता. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये आलं, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक पोर समजून वाचतं झालं पाहिजे असं त्यात लिहिलंय. तुमचा एक मुलगा बोलला, आनंद आहे. उरलेले ३० तेव्हा काय करत होते? गोंद चाटत होते?

तिसरीच्या बाई
संवाद लिहीत होते सर. चिकटवायचं काम मधल्या सुट्टीत झालं.

चित्रकलेचा तास
मला वेगळंच खटकतंय. कागदाची बाराबंदी केली की झाली कला? आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, याप्रमाणे कलेचा अर्धवेळ निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरच्या वर असला तर. म्हणजे तिसरीच्या पोराला कायद्यानंच चित्रकलेचा माणूस नाही. आता भाषेच्या बाईच कला 'समाविष्ट' करणार म्हटल्यावर आमची गरजच कुणाला? डिप्लोमा करून मी सध्या दुकानांच्या पाट्या रंगवतो.

निवृत्त फळा
पाट्यांवर ऱ्हस्व-दीर्घ तरी नीट लिहिता का?

चित्रकलेचा तास
गिऱ्हाईक देतं ते लिहितो. तुमचेच विद्यार्थी असतात.

एका मुलीची आई
मोबाईलचं बोला जरा. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना पुस्तकांवरच्या क्यूआर कोडच्या, म्हणजे फोननं टिपायच्या चौकोनाच्या कामासाठी २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, अभिमानच आहे. पण आमच्या घरी फोन एक, तो घेऊन हे सकाळी सातला कारखान्यावर जातात. पुस्तकावरचा चौकोन मुलगी बोटानं घासून बघते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, ते भरायचं की व्हिडिओ दाखवायचा?

तिसरीच्या बाई
ताई, म्हणून तर घरी काही पाठवत नाही. फोन माझा, तासापुरता. व्हिडिओ तर दाखवतच नाही, पोरं नुसती बघत बसतात. स्वतःचा आवाज मात्र कान टवकारून ऐकतात. आणि सर, एक विचारू? 'चमचा' आणि 'चमचे' यातला शेवटचा च म्हणताना वेगळा. लिहायचं अक्षर एकच. फळ्यावर कसं दाखवाल?

निवृत्त फळा
तोंडानं म्हणून. शिक्षकाला तोंड असतं.

पूर्वभागकर
शिक्षकाला तोंड असतं आणि आमच्या वेळी हातात छडी पण असायची. वर्गात तेलुगूत "नीळ्ळु" म्हणून पाणी मागितलं तर बाकावर उभं केलं होतं मला. तहान लागली होती हो, व्याकरण नव्हतं सुचलं. दुसरीतली गोष्ट, अजून विसरलो नाही. आणि आमच्या पोरांचा ळ ऐकलाय का कधी? तेलुगूत आहे, कन्नडमध्ये आहे, तोंडातच बसलेला असतो. त्याचे मार्क कुणी दिले?

निवृत्त फळा
छडीचा विषय कुठून आला? मी मारलं नाही कुणाला. पण शाळा मराठी माध्यमाची आहे. मराठी शाळेनं शिकवायची नाही तर कुणी? उद्या पेपरात "काय करायलास बे" लिहितील, त्यालाही मार्क द्यायचे?

पूर्वभागकर
सोलापुरात राहून 'बे'ची लाज वाटते का सर? चहाच्या गाड्यावर तुम्ही काय "अहो महोदय" म्हणता?

एका मुलीची आई
बे वरून आठवलं. बाई, राग मानू नका, पण तुमच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये माझी मुलगी आधी "कुठं गेलतास बे" म्हणाली होती. तुम्ही ते काढायला लावलं. घरी येऊन रडली. तिच्या बाहुलीचा बाप तसाच बोलतो म्हणे.

पूर्वभागकर
घ्या. आणि आम्ही बाईंच्या बाजूनं भांडत होतो.

तिसरीच्या बाई
खरंय. रेकॉर्डिंग वर, शाळांच्या केंद्रावर पाठवायचं होतं म्हणून काढायला लावलं. साहेब ऐकतील ही भीती.

निवृत्त फळा
म्हणजे प्रमाण मराठीची चाड मला नि भीती तुम्हाला. फरक काय पडला?

तिसरीच्या बाई
पडला. तुम्हाला बरोबर वाटतं म्हणून करता, मला चूक वाटूनही केलं. माझंच जास्त वाईट. सोमवारी तिची ओळ होती तशी परत घेईन. पण लिहिताना दोन्ही लिहून घेणार, बाहुलीचा बाप कसा बोलतो आणि पेपरात कसं लिहायचं.

पूर्वभागकर
हे आधीच केलं असतं तर माझी दुसरी सुखात गेली असती.

चित्रकलेचा तास
माझ्या पदाचं कुणीच काही बोललं नाही, हे नोंदवून ठेवतो.

एका मुलीची आई
भाऊ, सोमवारी या की शाळेत. मुलीला बापाच्या मिशा जमत नाहीयेत.

चित्रकलेचा तास
मानधन?

तिसरीच्या बाई
चहा. माझ्या खर्चानं, जसा डेटा माझ्या खर्चानं.

निवृत्त फळा
त्या पोराच्या सात ओळींचा फोटो टाका. नाव झाका. जोडाक्षरं बघतो.

तिसरीच्या बाई
टाकला. यात्रेतल्या मिरवणुकीचा 'नंदीध्वज' त्यानं विचारूनच लिहिलाय, आधी सांगते.

निवृत्त फळा
'गर्दी'चा रफार चुकलाय. दोन ठिकाणी. बाकी... ठीक आहे. 'पाळणा'तला ळ सुबक काढलाय.

पूर्वभागकर
सांगितलं होतं ना, बे.