गाडीचा सेल फिरतो की नुसतं टक् होतं?

बॅटरी नवीन टाकली तरी सकाळी गाडी एका सेलमध्ये (सेल म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) चालू आणि पंपावर पेट्रोल भरून परत किल्ली फिरवली की गप्प, असं म्हणताय ना, मग आधी एवढंच सांगा की तेव्हा सेल फिरतो का नुसतं टक् करून थांबतं, कारण दोन्हीचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत आणि बरेच मेकॅनिक हे न विचारताच पार्ट बदलत सुटतात.

नुसतं टक् असेल तर साधा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं थेट इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि कुणालातरी सेल मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या जोडणीत, घोळ. माझ्या २००३ च्या हॅचबॅकला हेच होतं, बॅटरी बदलली, स्टार्टरचे कार्बन (आतले ब्रश) बदलले, शेवटी गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी खोलली तर बोल्टखाली हिरवा थर! पॉलिश पेपर मारला, काम झालं. बायको अजून ऐकवते.

सेल मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते, तर माझा संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर), तापला की सिग्नल देणं सोडतो. किल्ली बंद ठेवून त्याच्यावर ओलं फडकं धरा, पाच मिनिटांत चालू झाली तर चोर बहुतेक तोच. आणि हो, किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून, टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची दोन सेकंद घूंss येते का तेही ऐका, रेडिओ बंद करून.