मदत हवी आहे: जॅग्वार व्ही-१२ एचई, १२.५:१ कॉम्प्रेशन आणि ९५ ऑक्टेन

नमस्कार मंडळी,

लेस्टरला असलेल्या माझ्या मावसभावाने १९८५ ची जॅग्वार एक्सजे-एस घेतली आहे, ५.३ लिटर व्ही-१२. गाडी त्याची, डोकेदुखी माझी, कारण घरात मेकॅनिकलवाला मी एकटाच.

इंजिनाचा ढोबळ हिशोब कळतो. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा ६० अंशांवर, क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) दर ६० अंश फिरला की एक पॉवर स्ट्रोक, त्यामुळे थरथर नावाला नाही. जॅग्वारचे अभियंते वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांचं हे इंजिन १९७१ मध्ये आलं तेव्हा हेड (सिलिंडरवरचं झाकण) सपाट होतं आणि ज्वलनाची जागा पिस्टनच्या डोक्यात. कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) ९:१. पुढे तेल महागलं, याची तहान परवडेना, म्हणून १९८१ मध्ये अभियंता मायकेल मे यांच्या डिझाइनचं एचई (हाय एफिशिएन्सी) हेड बसवलं. कॉम्प्रेशन थेट १२.५:१! तेही कार्ब्युरेटरच्या जमान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या इंजिनात.

आधीच्या मालकाने हेड उघडलं होतं, त्याचे फोटो गाडीबरोबर मिळाले. पिस्टन सपाट. इनटेक व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून जेमतेम आत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र खोल खळग्यात, स्पार्क प्लगही तिथेच. दोन्ही व्हॉल्व्हच्या जागांना जोडणारी एक पन्हळ. पिस्टन वर आला की मिश्रण पन्हळीतून गरगरत खळग्यात शिरतं, हे समजलं.

माझा प्रश्न असा: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे चेंबरमधली सगळ्यात तापलेली जागा. सगळं मिश्रण तिथेच कोंबायचं आणि वर १२.५:१, मग नॉकिंग (मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप भडकणं) कसं होत नाही?

दुसरं, व्यवहाराचं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं ९५ ऑक्टेन (नॉकिंगला दाद न देण्याचं माप) पेट्रोल ई-१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, झालंय. हे इंजिन ९७ साठी बनलेलं. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, ९५ वर चालवावं का?

प्रतिसाद

शंका रास्त आहे, पण नॉकिंग सर्वात आधी जळणाऱ्या मिश्रणात होत नाही, सर्वात शेवटी उरलेल्यात होतं. इथे प्लग गरम जागेतच आहे, म्हणजे धोक्याचं मिश्रण पहिल्यांदा संपतं. शेवटी उरतो तो सपाट पिस्टन आणि हेड यांच्यामधला पातळ थर, तोही थंड भिंतींना चिकटलेला. शिवाय घुसळणीमुळे ज्वाला भराभर पसरते, त्या थराला आपोआप पेटायला सवडच मिळत नाही.

टायमिंग मागे घेऊ नका. उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते आणि त्या बॉनेटखाली आधीच भट्टी असते. नॉकिंग ओळखणारा सेन्सर नाही, त्यामुळे चूक झाली तर इंजिन स्वतःला सांभाळणार नाही. सुपर अनलेडेड (जास्त ऑक्टेनचं पेट्रोल) भरा. दोन रांगांच्या मधल्या दरीतले पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर इथेनॉलला टिकणारे नवे घाला, आगीशी खेळ नको.

आणि हो, भावाला डिस्ट्रिब्यूटरचं (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढायला सांगा. आतलं ग्रीस वाळून सेंट्रिफ्युगल अॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) जाम होतो, या गाड्यांत हे नेहमीचं आहे. झाकणाखालचा रोटर (फिरणारा तुकडा) बोटांनी फिरवला की थोडा फिरून स्प्रिंगने मागे आला पाहिजे. आला नाही तर टायमिंग आधीच मागे पडलेलं आहे, पेट्रोलचं नंतर बघू.