जुन्या सर्किटवर नवे सॉकेट घेण्यापूर्वी

दादरच्या जुन्या इमारतीतील स्वयंपाकघरात चालू सॉकेटवरूनच वायर ओढून मायक्रोवेव्ह आणि किटलीसाठी आणखी दोन सॉकेट घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सॉकेट कुठे बसवायचे यापेक्षा त्यांना वीज कोणत्या वायरमधून येणार, हे आधी पाहावे. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टवर सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा ती एकटीच ओलांडते, आणि त्याच वेळी मायक्रोवेव्ह सुरू झाला तर भिंतीतल्या जुन्या वायरवर आणि तिच्या प्रत्येक जोडावर जवळजवळ दुप्पट भार येतो. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून त्या जागी मोठा बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपया तो मानू नका. एमसीबी वायरचे रक्षण करण्यासाठी असतो; तो मोठा केला तर वायर जास्त तापली तरी तो पडणार नाही. मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन आणि १६ अँपिअरचे सॉकेट घ्यावेत. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण मागे अर्थिंगची वायर अनेकदा नसतेच. ते परवानाधारक वायरमनकडून आवर्जून तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) त्याच कामात बसवून घ्यावा.