वरच्यांचं बाथरूम गळतंय, सोसायटीने आधी काम करून मग पैसे वसूल करावेत की नाही?

तिसरा_मजला:
डोंबिवलीत आमची बिल्डिंग 1992 ची, तळमजला अधिक चार, 20 फ्लॅट. गेल्या गणपतीत आमच्या पॅसेजच्या छताला बशीएवढा ओला डाग पडला, दिवाळीपर्यंत तो बेडरूमच्या भिंतीवर उतरला, रंगाचे पोपडे सुटायला लागले, कपाटातल्या साड्यांना कुबट वास. वर चौथ्या मजल्याचं बाथरूम आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाले आमच्याकडे सगळं कोरडं आहे, टाइल्स कशाला फोडू. सेक्रेटरींना तीन पत्रं दिली, तिन्ही वेळा एकच उत्तर, हा दोन मेंबरांमधला विषय आहे, आपसात मिटवा.

जूनमध्ये रात्री अडीचला छताचं प्लास्टर पडलं, पोळपाटाएवढा तुकडा असेल. आई रात्री दोनतीनदा उठते, तिची जायची वाट तीच. त्या रात्री ती पाच मिनिटं आधी परत येऊन झोपली होती. सकाळी स्टुलावर चढून बघितलं तर आतली सळई उघडी पडलेली आणि नखाने खरवडली तर गंजाचे पापुद्रे हातात येत होते.

माझं म्हणणं सरळ आहे. टाइल्स त्यांच्या असतील पण स्लॅब एकट्या कोणाचा नाही, त्याच्यावर अख्खी बिल्डिंग उभी आहे. कमिटीने वरचं बाथरूम सोसायटीच्या पैशातून दुरुस्त करून घ्यावं आणि नंतर त्यांच्या बिलात लावावं, हवं तर हप्त्याने. कोणाचा खर्च हे ठरेपर्यंत थांबलं तर पुढचा तुकडा कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही.

हिशोबवही:
आईंना लागलं नाही हे फार बरं झालं. पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. सहा वर्षं खजिनदार होतो म्हणून सांगतो.

आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये, वाटणी स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, कॉमन पाइप, ड्रेनेज, पावसाची गळती हे सोसायटीचं. संडास, सिंक वगैरेची घरातली गळती ज्या त्या फ्लॅटवाल्याची. आणि पैसे आणणार कुठून? दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची राखीव शिल्लक, 0.25 टक्के, आणि हा बांधकाम खर्च बिल्डिंग बांधली तेव्हाचा. समजा तेव्हा फ्लॅटमागे दीड लाख धरला असेल तर दुरुस्ती निधी येतो वर्षाला 1,125 रुपये. 20 फ्लॅटचे मिळून साडेबावीस हजार. यात एका बाथरूमचं काम होत नाही हो. हा दर वाढवायचा अधिकार जनरल बॉडीला आहे पण वाढवा म्हटलं की सभेत आरडाओरडा. सिंकिंग फंडाला तर ठरावाशिवाय हात लावता येत नाही.

आम्ही 2016 मध्ये हेच केलं होतं जे तुम्ही सुचवताय. सोसायटीने 70 हजार घातले, त्या मेंबरने ते तर दिले नाहीतच, रागाने मेंटेनन्सही बंद केला. 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येत होतं ते कागदावर, वसुलीच्या दाखल्यासाठी सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या ऑफिसात तीन वर्षं खेपा घातल्या. त्या काळात वॉचमनचा पगार दोनदा उशिरा झाला, त्याच्या मुलाची फी भरायची होती, माझ्याकडे येऊन उभा राहिला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. म्हणून सांगतो, एकाच्या गळतीसाठी सगळ्यांचे पैसे अडकवू नका.

वरच्या_घरातली:
मी वरच्या मजल्यावरची आहे, दुसऱ्या बिल्डिंगमधली, पण आरोप हाच सहन केलाय. खालच्यांनी जिन्यात, लोकांसमोर बोलायला सुरुवात केली की यांच्या निष्काळजीपणामुळे आमचं घर सडतंय. मी रडकुंडीला येऊन बाथरूम फोडलं, 62 हजार गेले, 11 दिवस घरातली चारही माणसं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो, सासूबाईंना बादली धरून न्यावं लागायचं. नवं वॉटरप्रूफिंग झालं, टाइल्स बसल्या, आणि महिन्याभराने खालची ओल तशीच! शेवटी डक्टमधल्या, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतल्या, कॉमन ड्रेनेज पाइपचा जॉइंट गळका निघाला. म्हणजे खर्च सोसायटीचा होता आणि केला मी. ते पैसे आजतागायत परत मिळाले नाहीत आणि खालच्यांनी चुकलं असंही म्हटलं नाही.

तेव्हा दादा, वरचे "आमच्याकडे कोरडं आहे" म्हणतात ते कदाचित खरं बोलत असतील. पाणी कुठून येतंय हे कोणी तपासलं का?

साइटवरून:
ताईंनी मुद्द्याचं विचारलं. 14 वर्षं रिपेअरची कामं बघतोय, निम्मी भांडणं तपासणी न करता सुरू होतात. आधी बघा पाणी कधी वाढतं. रात्रंदिवस सारखं ठिबकतंय तर प्रेशरच्या लाइनीवर संशय, वरच्या घराचा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवा, ओघ कमी झाला तर भिंतीतला पाइप. सकाळच्या आंघोळीनंतर वाढतंय तर न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी, किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसात वाढतंय तर बाहेरची भिंत किंवा डक्ट. मग वरच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून इंचभर पाणी 24 तास साठवायचं, त्यात रंग टाकायचा. खाली रंग उतरला तर वाद संपला. नाही उतरला तर ट्रॅप उघडून तेच रंगीत पाणी ड्रेनेजमध्ये सोडायचं, म्हणजे पाइप कळतो. प्लंबरचं दोन दिवसांचं काम आहे, तोडफोड शून्य.

आणि एक कळकळीने सांगतो, खालून केमिकल मारून प्लास्टर करून घेऊ नका. पाणी वरून येतच राहतं, स्लॅबमध्ये मुरतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. तुमचा तुकडा पडला तो त्याच्यामुळेच. सळई उघडी आहे म्हणजे हे आता फक्त बाथरूमचं काम राहिलं नाही, स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवा. 30 वर्षांवरच्या बिल्डिंगचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायचं हे उपविधींतच आहे, तुमच्याकडे झालंय का?

तिसरा_मजला:
ऑडिट एकदाही झालेलं नाही. सभेत विषय निघाला की "कशाला उगाच खर्च" म्हणून पुढे ढकलतात.

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, मी तपासणी केलेली नाही, वर बाथरूम म्हणजे पाणी त्यांचंच असं धरूनच चाललो होतो. मीही जिन्यात आवाज चढवलाय एकदोनदा. हिशोबवही, तुमचा वॉचमनचा मुद्दा पटला. पण सेक्रेटरी "आपसात मिटवा" म्हणून हात झटकतात ते मला अजूनही चूकच वाटतं. मी त्यांच्या घरात शिरून ट्रॅप बंद करू शकत नाही, कमिटी नोटीस देऊन पाहणी करू शकते.

कोथरूडचा_मी:
पुण्यात निराळंच. आमच्याकडे सोसायटी नाही, 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालची अपार्टमेंट आहे, आम्ही दोन वर्षं एकमेकांना सोसायटीचे उपविधी दाखवत भांडलो आणि वकिलाने सांगितलं तुम्हाला ते लागूच नाहीत, डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे तुमच्या अपार्टमेंटचा नोंदणीचा घोषणादस्त, वाचा. आपली नोंदणी कशाखाली आहे ते सगळ्यांनीच एकदा बघून घ्या.

पेन्शनरांची_बाजू:
समजा रंग उतरला आणि वरच्यांचंच निघालं, मग? आमच्या वरती दोघंच म्हातारे, मुलगी लग्न होऊन नागपूरला, पेन्शन तुटपुंजी. कॉन्ट्रॅक्टरने 85 हजार सांगितले तेव्हा काकू खुर्चीत बसूनच राहिल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. आम्ही खालचे असून अर्धा खर्च उचलला. स्लॅब त्यांची फरशी तसं आमचं छत, मग अर्धं अर्धं का नको?

तिसरा_मजला:
तुम्ही केलंत ते मोठं मन आहे पण नियम म्हणून मला नाही पटत. माझं छत, माझा रंग, माझं कपाट मी माझ्या खर्चाने करतोच आहे, वर त्यांच्या टाइल्सही मी बसवायच्या? आमच्या वरचे दोघं कमावते आहेत. जिथे खरंच अडचण असेल तिथे सोसायटीने आधी भरावं आणि हप्ते लावावेत, हे मात्र मी सोडणार नाही.

हिशोबवही:
आणि मी विरोध सोडणार नाही. तपासणीचे पैसे सोसायटीने द्यावेत, शंभर टक्के मान्य, कारण कॉमन पाइप निघाला तर जबाबदारी सोसायटीचीच. सळई आणि स्लॅबचं कामही सोसायटीने बघावं. वरच्यांच्या बाथरूमच्या फोडकामाला मात्र एक रुपया नाही, जनरल बॉडीने दर वाढवून त्यासाठी वेगळा निधी केला तरच. तो ठराव तुम्ही आणा, तुमच्या सभेत मी मेंबर असतो तर बाजूने हात वर केला असता.

तिसरा_मजला:
ठराव लिहून देतोय. आज संध्याकाळी वर जाऊन आलो, पहिल्यांदाच आत बसून बोललो, चहा घेतला. शनिवारी सकाळी पाणी साठवायला तयार झालेत, सेक्रेटरीही येणार आहेत, प्लंबरचं बिल सोसायटी देणार. @साइटवरून, रंग कुठला घालायचा? त्यांना भीती वाटतेय पांढऱ्या टाइल्सना डाग पडतील.

साइटवरून:
खाण्याचा लाल रंग घ्या, किराणा दुकानात मिळतो, चिमूटभर पुरे. सांध्यांत थोडी लाली राहिली तर ब्रशने घासा, आणि पाणी भरायच्या आधी टाइल्सचे आणि तुमच्या छताचे फोटो तारखेसकट काढून दोघांनी आपापल्याकडे ठेवा.