संवेदन, अवबोध आणि चेतणारी पेशी

प्रश्न : मेंदूविषयीच्या मराठी लेखनात ‘संवेदन’ हा शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने घ्यावा? एका पुस्तकात सेन्सेशन (ज्ञानेंद्रियांकडून आलेली खबर) म्हणजे ‘वेदन’ आणि पर्सेप्शन (त्या खबरीवरून होणारी उमज) म्हणजे ‘संवेदन’ असे दिसते, तर दुसऱ्यात सेन्सेशन म्हणजे ‘संवेदन’ आणि पर्सेप्शन म्हणजे ‘अवबोध’. तसेच न्यूरॉनला, म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशीला, ‘मज्जापेशी’ म्हणावे की ‘चेतापेशी’?

उत्तर : गोंधळ खरा आहे आणि त्याचा दोष वाचकाच्या माथी मारता येणार नाही. मी विज्ञानविषयक मजकुराचे संपादन करतो. एका संग्रहातल्या दोन लेखांत या दोन वेगवेगळ्या जोड्या आल्या होत्या, आणि पहिल्या लेखातली जोडी मनात धरून वाचणाऱ्याला दुसऱ्या लेखातल्या ‘रुग्णाचे संवेदन शाबूत असून अवबोध बिघडला आहे’ या वाक्यातून पर्सेप्शन शाबूत आहे, म्हणजे नेमका उलटा अर्थ मिळत होता. म्हणून संस्कृत धातूंकडे जाण्याआधी मी रोजच्या मराठी क्रियापदांपासून सुरुवात करतो, कारण जो भेद या नामांनी पुसट केला आहे तो क्रियापदांनी फार पूर्वीपासून जपलेला आहे.

दिसणे, पाहणे आणि ओळखणे ही तीन क्रियापदे घ्या. ‘मला दिसते’ असे आपण म्हणतो, ‘मी दिसतो’ म्हटले की अर्थच पालटतो. पाहताना मात्र ‘मी पाहतो’. दिसणे माझ्याकडे आपण होऊन येते, पाहणे मी करतो. ऐकू येणे आणि ऐकणे, आठवणे आणि आठवून पाहणे, वाटणे आणि विचार करणे यांतही हीच फोड आहे. मेंदूच्या अभ्यासात ज्या गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात त्यांच्या सीमा बऱ्याच अंशी याच फोडीजवळून जातात.

मेंदूच्या मागच्या आणि खालच्या बाजूच्या काही भागांना इजा झाली, तर माणसाची नजर तीक्ष्ण राहूनही समोरची वस्तू काय आहे हे त्याला सांगता येत नाही. अशा माणसाला किल्ली दाखवली तर तिचे दाते, तिचे भोक, तिची दांडी हे सारे तो कागदावर रेघ न रेघ उतरवू शकतो, पण ती किल्ली आहे हे त्याला उमगत नाही. तीच किल्ली हातात दिली की बोटांनी चाचपून तो तिचे नाव लगेच सांगतो. म्हणजे स्मृती आहे, भाषा आहे, दिसणेही आहे. तुटला आहे तो दिसण्यापासून ओळखण्यापर्यंतचा रस्ता. या अवस्थेला अ‍ॅग्नोशिया म्हणतात. हा शब्द मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १८९१ साली वापरात आणला, आणि न्यूरॉन हा शब्द जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी रूढ केला तोही त्याच वर्षी.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. दृष्टीची माहिती कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, जिथे प्रथम पोहोचते तो मेंदूच्या अगदी मागचा पट्टा निकामी झाला, तर माणूस ‘मला तिकडचे काहीच दिसत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही अंदाजाने बोट दाखवायला सांगितले तर अशा काही जणांचे बोट निव्वळ योगायोगाने पडेल त्याहून कितीतरी अधिक वेळा योग्य जागी पडते. याला ‘अंधदृष्टी’ हा मराठी शब्द चांगला बसतो. इथे मेंदू माहिती वापरतो आहे, पण ‘मला दिसते’ हे वाक्य मात्र घडत नाही.

ज्याला हे स्वतः पाहायचे असेल त्याने कोऱ्या कागदावर एका आडव्या रेषेत आठ सेंटिमीटर अंतरावर दोन ठळक ठिपके काढावेत, डावा डोळा झाकावा, उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे टक लावावी आणि कागद हळूहळू पुढेमागे करावा. डोळ्यापासून साधारण तीस सेंटिमीटरवर उजवा ठिपका नाहीसा होतो, कारण त्याची प्रतिमा दृष्टिपटलावरच्या अशा जागी पडते जिथून दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा तंतूंचा जुडगा, बाहेर पडते आणि जिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. पण लक्ष द्यायचे ते पुढच्या गोष्टीकडे : तिथे काळे भोक दिसत नाही, सलग पांढरा कागदच दिसतो. त्या जागेची कोणतीही खबर डोळ्याकडून आलेली नसताना मेंदूने आजूबाजूवरून ती भरून काढली. संवेदन नाही, तरी अवबोध आहे. हे वाक्य लिहिता यावे यासाठी आपल्याला दोन निरनिराळे शब्द हवेत, आणि ते सर्वांनी एकाच अर्थाने वापरायला हवेत.

आता शब्दांकडे. ‘वेदन’ आणि ‘संवेदन’ दोन्ही ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूचे. संस्कृतात वेदना सुखाचीही असू शकते, मराठीत मात्र वेदना म्हणजे दुखणेच. त्यामुळे ‘प्रकाशाचे वेदन’ असे वाचताना मराठी कानाला नको ती ठेच लागते, आणि माझ्या मते ‘वेदन’ सोडून देण्यास एवढे कारण पुरेसे आहे. ‘संवेदना’ या स्त्रीलिंगी रूपालाही हळवेपणाचा आणि सहानुभूतीचा अर्थ चिकटला आहे; ‘बोटांतली संवेदना गेली’ आणि ‘समाजाची संवेदना बोथट झाली’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. नपुंसकलिंगी ‘संवेदन’ या भावनिक ओझ्यापासून बराच मोकळा आहे, म्हणून तो सेन्सेशनसाठी ठेवावा. पर्सेप्शनसाठी ‘अवबोध’ घ्यावा. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे, उमजणे, आणि ‘अव’ हा उपसर्ग अवधान, अवलोकन, अवगत या शब्दांत जसा ज्ञानाला विषयावर नेऊन टेकवतो तसाच इथेही टेकवतो. नुसता ‘बोध’ चालणार नाही, कारण मराठीत बोध म्हणजे गोष्टीतून घ्यायची शिकवण. न्यायदर्शनाने निर्विकल्पक प्रत्यक्ष आणि सविकल्पक प्रत्यक्ष अशी जी विभागणी केली, म्हणजे ‘काहीतरी आहे’ एवढेच भान आणि ‘हा घट आहे’ असे ठरलेले ज्ञान, ती या जोडीच्या बरीच जवळ आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन शब्द वेगळे केले म्हणून मेंदूत दोन वेगळ्या खोल्या आहेत असे नाही. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास असतात, तर त्या डोळ्यातून निघणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू सुमारे दहा लाखच असतात. याचा अर्थ निवड आणि गाळणी डोळ्यातच सुरू झालेली असते. पुढे थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातल्या भागात ज्या केंद्रात हे तंतू पोहोचतात, तिथे डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्यांपेक्षा कॉर्टेक्सकडून उलट येणाऱ्या जोडण्या जास्त असतात. वर जाणाऱ्या खबरीला वरून येणारी अपेक्षा वाटेतच भेटते.

दुखण्याच्या बाबतीत तर बोलीभाषेची बारीक नजर मला नेहमीच थक्क करते. पायाचा अंगठा उंबऱ्याला जोरात आपटला की आधी एक ‘कळ’ येते, तीक्ष्ण आणि नेमक्या जागची. मग क्षणभराने पसरत जाणारे, रेंगाळणारे दुखणे सुरू होते, ज्याला कोणी ‘ठणका’ म्हणते, कोणी ‘आग होणे’. पहिली खबर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असलेल्या तंतूंवरून सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने येते, दुसरी आवरण नसलेल्या बारीक तंतूंवरून सेकंदाला एखाद्या मीटरच्या गतीने. दोन तंतू, दोन वेग, आणि बोलीत दोन वेगळे शब्द.

‘मज्जापेशी’विषयी माझे मत स्पष्ट आहे : नव्या लेखनात तो शब्द टाळावा. आयुर्वेदाच्या सात धातूंत मज्जा हा सहावा धातू, म्हणजे हाडांच्या पोकळीतला मऊ पदार्थ, आणि आजही बोनमॅरोला आपण ‘अस्थिमज्जा’ म्हणतो. पाठीच्या कण्यातला मऊ दोर पाहून त्याला मज्जारज्जू म्हटले गेले, त्यावरून मज्जातंतू आणि मज्जासंस्था हे शब्द आले, आणि ते इतके रुळले आहेत की बोलण्यातून घालवण्याची गरजही नाही. पण ‘मज्जापेशी’ वाचल्यावर वाचकाला रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतली पेशी वाटली, तर चूक त्याची नाही. पाठ्यपुस्तकांनी चेतापेशी, चेतासंस्था, मेरुरज्जू हे शब्द स्वीकारले ते योग्यच झाले.

इथे ‘पेशी’ आणि ‘स्नायू’ या दोघांचीही गंमत आहे, कारण शेजारच्या भाषांतले ग्रंथ वाचताना त्यांच्यावर हमखास पाय घसरतो. मराठीत पेशी म्हणजे सेल, हिंदीत पेशी म्हणजे मसल आणि सेलला कोशिका. मराठी, गुजराती आणि कन्नडमध्ये स्नायू म्हणजे मसल, बंगालीत मात्र स्नायू म्हणजे नर्व्ह. सुश्रुतसंहितेत शरीरात ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर आणि पेशी म्हणजे मांसाचे गोळे. तो आकडा आजच्या मराठी अर्थाने वाचला तर हास्यास्पद वाटेल, मूळ अर्थाने वाचला तर तो निरीक्षणाचा एक प्रयत्न आहे. आणि बोलीतली ‘नस’ या सर्वांच्या वरताण : ‘नस दबली’ म्हणताना ती चेता असते, ‘नस कापली’ म्हणताना रक्तवाहिनी.

‘चेता’ या शब्दावर एक आक्षेप घेतला जातो. ‘चित्’ म्हणजे जाणणे, चेतना म्हणजे जाणीव, मग चेतापेशी म्हटल्यावर त्या एकेका पेशीला जाणीव असते असे सूचित होत नाही का? आक्षेप बिनबुडाचा नाही. पण मराठीत याच कुळातले ‘चेतणे’ हे क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ पेट घेणे असा आहे. सरपण धुमसते, धुमसते आणि एका क्षणी चेतते. चेतापेशीचे वागणे नेमके असेच असते. विश्रांतीच्या वेळी तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो. वृक्षिकांवरून, म्हणजे खबर आत आणणाऱ्या तिच्या फांद्यांवरून, येणारे लहान-मोठे धक्के त्यात भर घालतात किंवा घट करतात, आणि एका मर्यादेपलीकडे गेले की पेशी चेतते. मग अक्षतंतूवरून, म्हणजे खबर बाहेर नेणाऱ्या तिच्या लांब तंतूवरून, पूर्ण ताकदीचा आवेग धावतो. ती अर्धवट चेतत नाही. धक्का मोठा असला तर ती मोठ्याने चेतत नाही, अधिक वेळा चेतते. काही अनुवादांत ‘पेशी गोळीबार करते’ असे वाचावे लागते, तेव्हा घरातच असलेला हा शब्द कोणालाच का आठवला नाही याचे मनापासून वाईट वाटते.

सिनॅप्ससाठी, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे खबर जाते त्या जागेसाठी, संपर्कस्थान आणि चेतासंधी असे दोन शब्द चालतात. इथे एक जुना वाद शब्दांत डोकावतो. चेतासंस्थेचे इटालियन अभ्यासक गॉल्जी यांना सारी चेतासंस्था एकसंध जाळे वाटत होती, तर स्पॅनिश अभ्यासक काहाल यांनी गॉल्जींच्याच रंगपद्धतीने दाखवले की पेशी एकमेकींपासून सुट्या आहेत. १९०६ साली नोबेल पारितोषिक मात्र दोघांना मिळून देण्यात आले. बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते आणि रसायने ती ओलांडतात. ‘संपर्क’ म्हटले की ही फट बुजते. ‘संधी’त सांधा आहे, आणि सांध्यात दोन हाडे वेगळी राहतात हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून माझा कौल चेतासंधीला.

जाता जाता, डोक्याच्या मागे मोठ्या मेंदूखाली असलेल्या भागाच्या (सेरेबेलम) ‘लहान मेंदू’ या नावाबद्दल एवढेच की ते आकारावरून पडले आहे, त्यावरून कामाचे मोजमाप करू नये. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ ६,९०० कोटी या लहान मेंदूत असतात, जरी त्याचे वजन एकूण मेंदूच्या दशांशाच्या आसपासच भरते.

पुरवणी प्रश्न : ‘मेंदू पाहतो’, ‘मेंदू ठरवतो’ अशी वाक्ये लिहावीत का?

उत्तर : मी लिहीत नाही. पाहते, ठरवते ते माणूस. मेंदूच्या अमुक भागातल्या पेशी चेतल्या म्हणून त्याला ते करता येते. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या दृष्टिकॉर्टेक्समध्ये अशा पेशी शोधल्या ज्या ठरावीक कलाची रेघ समोर आली की चेततात आणि कल बदलला की गप्प होतात. त्या पेशीला रेघ ‘दिसते’ असे म्हटले, तर ‘दिसणे’ हा शब्द आपण इतका स्वस्त करून ठेवतो की किल्ली न ओळखणाऱ्या त्या माणसाविषयी बोलायला काहीच उरत नाही. विचाराच्या बाबतीतही तसेच. मराठीत ‘विचार’ आणि ‘विचारणे’ एकच शब्द आहे, आणि विचार करणे म्हणजे बऱ्याच वेळा स्वतःला विचारत राहणे. त्यासाठी प्रश्न मनात धरून ठेवावा लागतो, आणि त्या धरून ठेवण्यात कपाळामागच्या कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो. पण प्रश्न विचारणारा तो भाग नव्हे.

ज्या परिच्छेदावरून माझ्या मनात हा विषय घोळू लागला, त्यातले वाक्य शेवटी असे छापले गेले : ‘रुग्णाला किल्ली दिसते आणि ती हुबेहूब काढताही येते, पण ती किल्ली आहे हे ओळखता येत नाही.’ त्यात संवेदनही नाही आणि अवबोधही नाही. ते दोन शब्द पुढच्या पानावर येतात, अर्थ सांगून, आणि तोवर वाचकाला भेद कळलेला असतो.